गृहोद्योग : लेथवरील फिरतें सेंटर कसें निवडावें

लांकूड कांततांना काम बिघडलें म्हणजे दोष एकतर हत्याराच्या धारेला दिला जातो, नाहींतर कांतणाऱ्याच्या हाताला. पुष्कळदां हा न्याय बरोबरही असतो. परंतु धार उत्तम आहे, हातही सरावलेला आहे, आणि तरीही करंड्याच्या झाकणावरील कळीचा अगदीं शेवटचा भाग कांततांना हत्यार एकाएकीं लांकडांत रुतलें व दोन तासांची मेहनत फुकट गेली, असें घडतें तेव्हां कारण तिसऱ्याच ठिकाणीं शोधावें लागतें. तें ठिकाण म्हणजे लेथच्या उजव्या अंगास असलेलें, लांकडाला टेंकू देणारें सेंटर. त्याचा घाट कसा असावा, त्याच्या भोंवतीं मोकळी जागा किती असावी, आणि तें विकत घेतांना काय काय पाहावें, याचा विचार या महिन्याच्या सदरांत करावयाचा आहे.

मेजावर मावेल असा विजेचा लहान लेथ हल्लीं घरगुती उपयोगासाठीं मिळतो. एकत्र कुटुंबांत अशा यंत्राला काम कमी पडत नाहीं. आजोबांनीं नातवाला भोंवरा करून द्यावा, काकांनीं बुद्धिबळाचीं मोहरीं कांतावीं, वहिनींनीं कुंकवाचा करंडा नाहींतर देव्हाऱ्याचे लहान खांब करावे, हें सहज होण्यासारखें आहे. पांढरपेशा घरांतून हातकामाला दुय्यम लेखण्याची खोड फार जुनी. ती ज्यांच्या मनांत अद्याप उरली असेल त्यांनीं रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याचें स्मरण करावें. १६७२ ते १७२५ या काळांतला हा पुरुष राज्यकारभाराच्या धकाधकींतही लेथवर बसून हस्तिदंत व लांकूड कांतीत असे. आणि त्याचे लेथ सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. कांतकामावरील पहिलें मोठें पुस्तक शार्ल प्लुमिए नांवाच्या विद्वान् फ्रेंच धर्मोपदेशकानें १७०१ सालीं लिऑं शहरीं प्रसिद्ध केलें. तात्पर्य, हा छंद शिकल्यासवरल्या माणसास न शोभण्यासारखा कधींच नव्हता.

आतां यंत्राची थोडी ओळख. लेथच्या डाव्या अंगास जो ठोकळा असतो तो हेडस्टॉक. मोटारीची गति पट्ट्यानें त्याच्या दांड्यास मिळते व तो लांकडाला फिरवितो. उजव्या अंगास जो सरकता ठोकळा असतो तो टेलस्टॉक. त्याच्या आंत एक पोकळ नळी असते. मागील चाक फिरविलें कीं ती पुढें-मागें सरकते. या नळीच्या तोंडांत जो टोंकदार तुकडा बसवितात तें सेंटर. मध्यें, लांकडाच्या समोर, हत्यार टेंकावयाची लोखंडी पट्टी असते. डावीकडून गति आणि उजवीकडून आधार, अशा दोहोंमध्यें लांकूड धरलेलें असतें. आधार काढून घेतला तर लांब लांकूड थरथरूं लागतें, आणि वेळप्रसंगीं उडून अंगावर येतें. म्हणून उजवीकडील सेंटर ही चैनीची वस्तु नव्हे.

या सेंटरचा इतिहास ध्यानांत घेतला तर आजची अडचण कां उत्पन्न झाली तें चटकन् कळतें. आपल्या देशांतील जुना कांतारी जमिनीवर बसून काम करी. दोन लोखंडी अण्यांमध्यें तो लांकूड अडकवी, कमानीच्या दोरीचा वेढा त्याला देई, एका हातानें कमान ओढी, आणि दुसऱ्या हातांत व पायाच्या बोटांत हत्यार धरी. लांकूड एकदां इकडे, एकदां तिकडे फिरे. हत्यार कापी तें एकाच दिशेला. युरोपांतील जुन्या लेथवरही दोन स्थिर अण्याच असत. तेथें कमानीऐवजीं पायानें दाबावयाची फळी व वर लवचिक काठी असे. या दोन्ही रचनांत अण्या जागच्या जागीं स्थिर असत व लांकूड त्यांवर घासत फिरे. अणी बारीक असल्यामुळें तिच्या भोंवतीं हात फिरविण्यास हवी तितकी जागा असे. मोकळ्या जागेचा प्रश्न त्या कांताऱ्याला फारसा पडलाच नसेल.

पुढें लांकूड एकाच दिशेनें, अखंड आणि वेगानें फिरूं लागलें. मिनिटास १५०० फेरे म्हणजे सेकंदास २५ फेरे. एवढ्या वेगानें लांकूड स्थिर अणीवर घासलें तर तेथें उष्णता उत्पन्न होते, तेल किंवा मेण न लावल्यास लांकूड काळें पडतें, आणि भोंक हळूहळू मोठें होऊन पकड सैल होते. यावर तोड म्हणून लांकडाबरोबर आपणही फिरणारें सेंटर आलें. त्याचें टोंक बेअरिंगवर बसविलेलें असतें. तें लांकडाबरोबर फिरतें, घासत नाहीं. कारखान्यांत याला रिव्हॉल्व्हिंग सेंटर किंवा लाइव्ह सेंटर म्हणतात आणि जुन्या स्थिर सेंटरला डेड सेंटर म्हणतात. (मुळांत लाइव्ह सेंटर हें नांव हेडस्टॉकमधील, गति देणाऱ्या सेंटरचें होतें. जुनीं पुस्तकें वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे घोंटाळा होत नाहीं.)

परंतु बेअरिंग आलें कीं त्याला राहावयास घर आलें, आणि घर आलें कीं जाडी आली. ज्या जागीं पूर्वीं बोटाएवढी बारीक अणी होती, तेथें आतां चांगलें दीड-दोन इंच जाडीचें धड बसलें. घर्षण गेलें, जळणें गेलें. पण जागाही गेली. सर्व अडचणीचें मूळ येथें आहे.

ही अडचण नेमकी कोणत्या वेळीं जाणवते तें पाहूं. लाटण्याचा मधला भाग कांततांना ती मुळींच जाणवत नाहीं, कारण तेथें हत्यार सेंटरपासून दूर असतें. भोंवऱ्याचें निमुळतें बूड, प्याद्याचें डोकें, झाकणाची कळी, वाडग्याची बैठक, हे भाग टेलस्टॉकच्या बाजूस असले कीं खरी परीक्षा होते. कांतण्याचा पहिला नियम असा कीं, धारेमागचा जो घासलेला उतार, तो सर्वकाळ लांकडावर टेंकलेला असावा. उतार टेंकलेला असेल तोंवर धार आपल्या मर्यादेंत राहते व सालपट अलगद निघतें. उताराचा आधार सुटला कीं धार लांकडांत घुसते. आतां लांकडाच्या उजव्या टोंकाचा उभा भाग कांतावयाचा, तर उतार त्या उभ्या भागावर टेंकविण्यासाठीं पटाशीची मूठ उजवीकडे, म्हणजे सेंटरच्या दिशेनें न्यावी लागते. मूठ नेतां नेतां पटाशीची पाठ सेंटरच्या जाड धडाला लागली, कीं ती पुढें जात नाहीं. हात मात्र जाऊं पाहतो. उतार सुटतो आणि धार रुतते. पाहणाऱ्याला वाटतें, हात चुकला. वस्तुतः हाताला जायला वाटच नव्हती.

हें किती अंशांचें गणित आहे तें कागदावर काढून पाहण्यासारखें आहे. घरांतील शाळकरी मुलांकडून काढवून घेतल्यास त्यांच्या भूमितीलाही उजाळा मिळेल. एक आडवी रेघ काढावी. ती लांकडाचा आंस समजावी. तिच्यावर एक बिंदु घ्यावा. तें सेंटरचें टोंक. समजा, सेंटरच्या धडाची जाडी ४० मिलिमीटर, म्हणजे आंसापासून त्याचा कांठ २० मिलिमीटर वर. आणि टोंक धडापुढें फक्त २० मिलिमीटर आलेलें आहे. टोंकापासून धडाच्या कांठापर्यंत रेघ ओढली तर ती आंसाशीं ४५ अंशांचा कोन करते. या रेघेच्या खालचा सर्व प्रदेश हत्याराला बंद. आतां आपली गोल पटाशी ४० अंशांच्या उतारानें घासलेली आहे असें धरूं. उभा भाग कांततांना तिचा दांडा आंसाशीं ९० वजा ४०, म्हणजे ५० अंशांचा कोन करील. ५० आणि ४५ यांत अंतर पांच अंशांचें. आणि धडाच्या कांठापाशीं पांच अंश म्हणजे सुमारें अडीच मिलिमीटर. पटाशीचा दांडा १० मिलिमीटर जाड असेल तर त्याच्या मध्यरेषेपासून एका बाजूला ५ मिलिमीटर तरी जागा हवी. अर्थात् दांडा धडाला घासणारच.

तेंच धड ठेवून टोंक ४० मिलिमीटर पुढें आणलें तर बंद प्रदेशाचा कोन ४५ वरून सुमारें २७ अंशांवर येतो, आणि दांड्याला सुमारें १८ मिलिमीटर जागा मिळते. धडाचें नाक निमुळतें करून त्याची जाडी २० मिलिमीटरवर आणली व टोंक ५० मिलिमीटर पुढें काढलें, तर कोन अवघा ११ अंशांचा उरतो आणि जागा सुमारें ३२ मिलिमीटर होते. आतां पटाशीबरोबर दोन बोटेंही निर्धास्त जातात. यावरून निवडीचें मुख्य सूत्र हातीं येतें. सेंटर किती मोठें किंवा किती महाग आहे हें पाहूं नये. टोंक धडापुढें किती येतें आणि धड तेथें किती जाड आहे, या दोन मापांचें प्रमाण पाहावें. पुढें आलेली लांबी ही त्या जागच्या जाडीइतकी तरी असावी. दुपटीहून अधिक असल्यास नाजूक कामालाही अडचण पडत नाहीं. उतार जितका बोथट, म्हणजे ५० किंवा ६० अंशांचा, तितका दांडा आंसाकडे अधिक झुकतो आणि तितकी जागा जास्त लागते, हेंही विसरूं नये.

दुसरी गोष्ट टोंकाच्या घाटाची. आपल्याकडील यंत्रसामानाच्या बाजारांत जीं फिरतीं सेंटरें सहज मिळतात, तीं बहुतेक धातुकामासाठीं केलेलीं असतात. त्यांचें टोंक ६० अंशांच्या शंकूचें, आंखूड आणि धड भरभक्कम. धातूच्या तुकड्याला आधीं ६० अंशांचें भोंक पाडून त्यांत तो शंकू बसवावयाचा असतो, आणि भार मोठा असतो, म्हणून तेथें हा घाट योग्यच आहे. लांकडांत मात्र टोंक दाबून रुतवितात. नुसता शंकू तंतूंमध्यें पाचरीसारखा शिरतो, आणि लांकूड बारीक असेल तर तें उभें चिरतें. यासाठीं लांकूडकामाच्या सेंटरला मध्यें बारीक अणी आणि भोंवतीं धारदार कडें असतें. याला वाटीचें सेंटर म्हणतां येईल. अणी मध्य दाखविते, कडें भार वांटून घेतें, आणि लांकूड चिरण्याची भीति पुष्कळ कमी होते. इंग्लंडांत शेफील्ड येथील रॉबर्ट सॉर्बी ही जुनी पेढी स्प्रिंगवर मागें सरकणारी अणी व भोंवतीं दांतेरी कडें असलेलें सेंटर करिते. त्याचेंही तत्त्व हेंच. मात्र कड्याचा व्यास पाहून घ्यावा. कडें १२ मिलिमीटरचें असेल तर लांकूड तेथें १२ मिलिमीटरहून बारीक करतां येत नाहीं. केल्यास हत्याराची धार पोलादावर जाते.

इतकें वाचून कोणी म्हणेल, मग सर्वांत लांब आणि सर्वांत बारीक टोंकाचें सेंटर घेतलें म्हणजे झालें. तसें नाहीं. एका बाजूनें धरलेल्या गोल सळईचा नियम असा आहे कीं, लांबी दुप्पट केली तर तोच भार तिला आठपट वांकवितो. आणि जाडी निम्मी केली तर सोळापट. म्हणजे जागा मिळविण्यासाठीं आपण जें जें करितों त्यानें आधार दुबळा होतो. ओबडधोबड, तोल नसलेला ओंडका प्रथम गोल करावयाचा असेल, किंवा मोठा वाडगा कांतावयाचा असेल, तर लांब बारीक टोंक तेथें थरथरेल. लांकडावर लाटा उठतील, आणि बेअरिंगही लवकर सैल होईल. अशा कामास आंखूड, जाड आणि मोठ्या कड्याचें सेंटरच योग्य. लांब टोंक हें शेवटच्या, हलक्या हाताच्या कामासाठीं.

म्हणून आमचा सल्ला असा कीं, ज्यांना एकच सेंटर घ्यावयाचें आहे त्यांनीं टोंकें बदलतां येतील असें घ्यावें. अशा सेंटरांत धड तेंच राहतें व त्याच्या तोंडांत आंखूड कडें, लांब अणी, पोकळ वस्तूच्या तोंडांत बसणारा शंकू, असे निरनिराळे तुकडे बसवितां येतात. आरंभ आंखूड कड्यावर करावा. वस्तु गोल होऊन तिचा घाट उमटला म्हणजे यंत्र थांबवून लांब टोंक बसवावें. कड्याच्या अणीनें पाडलेली खळी आधींच लांकडांत असते. नवें टोंक तींतच बसवावें, म्हणजे मध्य ढळत नाहीं. धातुकामांतही हत्याराला जागा मिळावी म्हणून लांब नाकाचीं फिरतीं सेंटरें करितात; तीं घेतल्यास भारापेक्षां घाटाकडे पाहावें, व लांकूड चिरूं नये म्हणून टोंकासाठीं आधीं बारीक भोंक पाडून घ्यावें.

विकत घेण्यापूर्वीं पुढील परीक्षा दुकानांतच कराव्या. पहिली, मापाची. सेंटरचा मागील दांडा निमुळता असतो; त्याला मोर्स टेपर म्हणतात. अमेरिकेंतील स्टीफन मोर्स याच्या नांवानें ही पद्धति १८६० नंतरच्या दशकांत रूढ झाली. सुमारें वीस मिलिमीटर लांबीमागें जाडी एक मिलिमीटर कमी होते, आणि या मंद निमुळतेपणामुळें दांडा नळींत घट्ट रुतून बसतो. त्याला वेगळा स्क्रू लागत नाहीं. घरगुती लेथवर बहुधा १ किंवा २ क्रमांकाचा टेपर असतो. पहिल्याची जाड बाजू सुमारें १२ मिलिमीटर आणि दुसऱ्याची सुमारें १८ मिलिमीटर. लेथबरोबर आलेल्या माहितीपत्रकांत क्रमांक दिलेला असतो. तो टिपून घेऊनच दुकानांत जावें. दुसरी परीक्षा बेअरिंगची. टोंक दोन बोटांत धरून आडवें हलवावें. त्यांत किंचितही ढिलेपणा जाणवला तर तें सेंटर परत करावें. कारण टोंकापाशीं जो ढिलेपणा केसाएवढा, तो कामावर लाटेएवढा दिसतो. मग टोंक हलकेंच फिरवावें. तें एकसारखें, खरखर न करतां फिरलें पाहिजे. तिसरी परीक्षा डोळ्यांची. टोंक फिरत असतां त्याच्यामागें पांढरा कागद धरून पाहावें. अणी जागच्या जागीं फिरते कीं लहानसें वर्तुळ काढते तें लगेच दिसतें. चौथी परीक्षा मापपट्टीची : वर सांगितल्याप्रमाणें टोंकाची पुढें आलेली लांबी आणि धडाची जाडी मोजावी. दुकानदार हंसला तरी मोजावी.

ज्यांना नवें सेंटर तूर्त घ्यावयाचें नाहीं त्यांनाही कांहीं उपाय करतां येतात. सर्वांत सोपा म्हणजे लांकूड हवें त्याहून दोन-अडीच इंच लांब घ्यावें आणि टेलस्टॉकच्या बाजूचा तो जादा भाग अंगठ्याएवढ्या जाडीच्या देंठासारखा कांतावा. हा देंठ सेंटरला वस्तूपासून दूर ठेवतो, म्हणजे लांब टोंकाचें काम लांकूडच करितें. वस्तु पुरी झाल्यावर देंठ शेवटीं बारीक करून, यंत्र थांबवून, करवतीनें कापून टाकावा. थोडें लांकूड वाया जातें खरें. परंतु बिघडलेल्या करंड्यांत त्याहून अधिक जातें. दुसरा उपाय, टेलस्टॉकची नळी बेताची पुढें घ्यावी. तिच्यामुळें मागचा जाड ठोकळा दूर राहतो व हत्याराच्या पट्टीची बैठक त्याला अडत नाहीं. मात्र निम्म्याहून अधिक नळी बाहेर काढूं नये, नाहींतर तीही थरथरते. तिसरा उपाय अगदीं जुना : भोंवऱ्याच्या बुडासारख्या लहान कामाला शेवटच्या दोन हलक्या कातरांपुरतें स्थिर, बारीक सेंटर लावावें, टोंकाला मेण चोळावें आणि वेग कमी ठेवावा. कमानवाल्या कांताऱ्याची ती अणी अशा वेळीं अजूनही उपयोगी पडते.

येथें कोंकणांतल्या आणि शेजारच्या कर्नाटकांतल्या कारागिरांची आठवण होणें साहजिक आहे. सावंतवाडीचीं रंगीत लांकडी खेळणीं व फळें महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून पिढ्यान् पिढ्या खेळलेलीं आहेत. चन्नपट्टणचा कांतारी तर फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून रंग चढतो, आणि मग केवड्याच्या जातीच्या पानानें तो घोंटून त्याला झिलई आणतो. अशा कामांत नुसत्या पटाशीलाच नव्हे, तर कांडी धरलेल्या हातालाही वस्तूच्या दोन्ही टोंकांपर्यंत पोहोंचावें लागतें. घरीं लाखकाम करूं इच्छिणाऱ्यांनीं मोकळ्या जागेचा विचार दुपटीनें करावा.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा सर्व खटाटोप करावयाचा ती सांगतों. वस्तु बिघडली तर दुसरी होते. बोट दुसरें येत नाहीं. जागा अपुरी असली कीं माणूस नकळत हत्याराची मूठ सोडून त्याच्या पुढच्या भागाला धरूं लागतो, बोटें पट्टी व लांकूड यांच्या फटीजवळ जातात, आणि सेकंदाला पंचवीस वेळां फिरणारें लांकूड सावध होण्यास अवधि देत नाहीं. म्हणून प्रत्येक वेळीं यंत्र सुरू करण्यापूर्वीं लांकूड हातानें एक पुरा फेरा फिरवून कोठें अडकत नाहीं ना, तें पाहावें. हत्यार जेथवर न्यावयाचें आहे तेथवर तें यंत्र बंद असतांनाच नेऊन पाहावें. पाठ धडाला लागली तर तें आतांच कळेल. टेंकूचा दाब बेताचा असावा : टोंक लांकडाबरोबर न घसरतां फिरूं लागलें कीं पुरे, त्याहून आवळल्यास बारीक लांकूड मध्येंच वांकतें आणि थरथरतें. नळी घट्ट केल्यावांचून काम सुरू करूं नये, आणि लांकूड दाबलें जाऊन टेंकू सैल होतो म्हणून मधून मधून तो पुन्हा पाहावा. सेंटर काढतांना टोंकावर हातोडा मारूं नये. नळी मागें घेतली कीं बहुतेक लेथवर तें आपोआप सुटतें. बसवितांना दांडा व नळीचें तोंड फडक्यानें स्वच्छ पुसावें. एक भुसकट राहिलें तरी मध्य चुकतो.

पुरुषांनीं उपरणें, सैल बाह्या व अंगठी, आणि स्त्रियांनीं बांगड्या, मोकळी वेणी व सुटा पदर, हीं सर्व यंत्रापासून दूर ठेवावीं. हातमोजे घालून कांतणें हें संरक्षण नसून संकट आहे, कारण मोजा ओढला गेला तर हातही ओढला जातो. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल असावी. लांकडाची बारीक धूळ निरुपद्रवी समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ती १९९५ सालीं मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणली आहे. म्हणून नाकातोंडाला योग्य मुखपट्टी आणि खोलीला वारा अवश्य हवा. लहान मुलांनीं पाहावें तें लांबून, आणि फिरत्या लांकडाच्या समोर नव्हे तर बाजूला उभें राहून. घरांत मुलें असल्यास काम संपतांच यंत्राचा प्लग काढून ठेवण्याची शिस्त सर्वांनीं पाळावी.

सारांश, टेंकूची निवड करतांना दोन प्रश्न बरोबरीनें विचारावे. हा आधार पुरेसा बळकट आहे काय? आणि हा आधार हाताच्या वाटेंत तर येत नाहीं ना? पहिला प्रश्न सर्वजण विचारतात, दुसरा विसरतात. मोठ्या कुटुंबांत वागलेल्या माणसाला यांतलें मर्म निराळें सांगावयास नको. तेथेंही वडीलधाऱ्या माणसांचा आधार हवाच असतो, पण धाकट्याचा हात चालूं लागला कीं तो आधार थोडा मागें सरून उभा राहावा लागतो. आणि काम नवखें, वजनदार असेल तेव्हां तोच पुन्हा जवळ यावा लागतो. लेथवर ही सोय एक टोंक बदलून होते. ज्यांच्या घरीं लेथ आहे त्यांनीं येत्या सुटीच्या दिवशीं मापपट्टी घेऊन आपल्या सेंटरचीं तीं दोन मापें मोजावीं, कागदावर तो कोन काढावा, आणि मगच पुढची वस्तु कांतावयास घ्यावी.